ड्रॉइंग एक सांगतं, मिस्त्री दुसरं: रिंगा, पाणी आणि नऊ इंची कॉलम

कोयनाकाठ

नमस्कार. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी जुन्या जागेवर घर बांधायला घेतलं आहे. तीस बाय छत्तीस, सध्या तळमजला, पुढे जमलं तर वर एक मजला. मी कराडला नोकरी करते. शनिवार-रविवार साइटवर मी असते, बाकीचे दिवस बाबा.

आरसीसीचं ड्रॉइंग डिझायनरकडून रीतसर पैसे देऊन करून घेतलं. काम गावच्याच मिस्त्रींकडे दिलं. माणूस सरळ आहे, पैशाला चोख आहे, आमच्या चुलत्यांचं घर त्यांनीच बांधलं. भांडण काहीच नाही. पण फुटिंग (कॉलमखालचे पाये) भरून झाल्या, कॉलम उभे करायची वेळ आली आणि ड्रॉइंगमधल्या प्रत्येक ओळीला "आपल्याकडं असं करत न्हाईत" हे उत्तर यायला लागलं.

ड्रॉइंगमध्ये कॉलम ३०० बाय ३०० मिमी आहे. मिस्त्री म्हणतात नऊ बाय बाराचा करू. भिंत नऊ इंची, मग बाराचा कॉलम खोलीत तीन इंच पुढे येणार, कोपऱ्यात कपाट बसणार नाही. रिंगांचे, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या कड्यांचे, हूक ड्रॉइंगमध्ये १३५ अंशांत आत वळवलेले दाखवलेत. फिटरने (सळई कापून बांधणाऱ्याने) पहिल्याच दिवशी शंभरेक रिंगा वाकवून ठेवल्या, सगळ्या काटकोनात. कॉलमच्या खालच्या-वरच्या टोकाला रिंगा १०० मिमीवर आणि मध्ये १५० वर हव्यात, मिस्त्री सरसकट सहा इंचावर बांधतात. काँक्रीटला मापाची पेटी नाही, घमेली. पाणी नजरेनं. कव्हर ब्लॉक (सळई कडेपासून आत धरणारे ठोकळे) मी पिशवीभर आणून ठेवलेत, तरी फुटिंगला सळईखाली खडीचे तुकडेच सरकवले.

मी विचारलं तर म्हणाले, "ताई, चाळीस घरं हुबी केली ह्या खोऱ्यात. एकाला चीर दाखवा." आणि मला खरंच दाखवता येत नाही.

तरी मन मानत नाही, त्याचं कारण बाबा. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आमच्या घराची मागची भिंत गोठ्यावर पडली, बैल गेला. त्या थंडीत गावानं रानात पालं टाकून दिवस काढले. अजूनही रात्री ट्रक गेल्यानं भांडं वाजलं तरी बाबा उठून बसतात. हे घर मुळात त्यांना निर्धास्त झोप लागावी म्हणून बांधतेय.

सगळ्यावर अडून बसले तर मिस्त्री काम सोडतील. जवळपास दुसरा माणूस नाही आणि स्लॅब पावसाच्या आत पडायला हवा. यातलं काय सोडून दिलं तर चालेल, आणि कुठे काम थांबवायचं?

अर्धा_बंगला

ताई, आमचंही असंच झालं होतं. पुस्तकातलं आणि साइटवरचं कधी जुळत नाही. आम्ही महिनाभर डोकं लावलं आणि शेवटी मिस्त्रींवर सोडलं. रिंगा काटकोनातल्याच आहेत, कॉलम नऊ इंचीच आहेत. सहा वर्षं झाली, घर उत्तम आहे. आमच्या कॉलनीतली सगळी घरं अशीच आहेत. डिझायनर स्वतःला सांभाळायला जरा जास्तच लिहून ठेवतात. माणसं तोडू नका, एवढंच सांगेन.

निवृत्त_उपअभियंता

ताई, तुम्ही प्रश्न नेमका विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

सूत (इंचाचा आठवा भाग), इंच, ब्रास (शंभर घनफूट) यांवरून वाद घालू नका. ती साइटची भाषा आहे. तीन सूत म्हणजे १० मिमी, चार सूत १२, पाच सूत १६, हे कुठल्याही फिटरला झोपेतून उठवून विचारा. १५० मिमी आणि सहा इंच यांत अडीच मिमीचाही फरक नाही. मेट्रिक मापं देशात १९५८ पासून आली, पण वाळू-खडी आजही ब्रासवर मिळते आणि शासन रॉयल्टी घेतं तीही ब्रासवरच. तुमच्या ड्रॉइंगच्या कडेला पेन्सिलीनं सूत आणि इंच लिहा, तो कागद प्लायच्या तुकड्यावर चिकटवून साइटवर टांगा. बरेच वाद तिथेच मिटतील.

काही ठिकाणी तर मिस्त्री पुस्तकाच्या पुढे असतो. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटचं काँक्रीट किमान १० दिवस ओलं ठेवा, कोरड्या कडक उन्हाळ्यात १४ दिवस, असं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. आपल्याकडचे जुने मिस्त्री स्लॅबवर वाफे बांधून २१ दिवस पाणी उभं ठेवतात. साध्या सिमेंटचा साडेचार मीटरपर्यंतचा स्लॅब असेल तर पुस्तक सात दिवसांनी टेकू काढू देतं. तुमचे मिस्त्री पंधरा दिवस हातही लावू देणार नाहीत. त्यांना तसंच करू द्या, आणि हे तुम्हाला पटतं असं त्यांना तोंडावर सांगा. प्रत्येक गोष्टीत चूक काढणाऱ्या मालकाचं कुणी ऐकत नाही.

आता रिंगा. चाळीस घरांना चीर नाही, हे मिस्त्रींचं म्हणणं खरंच असणार. पण ती घरं आजवर रोजचं वजन पेलत आली आहेत, आणि रोजच्या वजनाला हूक काटकोनात असला तरी निभावतं. हुकाची खरी कसोटी घर हलतं तेव्हा लागते. जोराच्या धक्क्यात कॉलमच्या टोकाला सळईवरचं कव्हर, म्हणजे काँक्रीटचा बाहेरचा थर, गळून पडतं. काटकोनातला हूक त्या कव्हरमध्येच रुतलेला असतो, कव्हर गेलं की तो उघडतो. रिंग सुटली की उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट भुगा होऊन निघतं. १३५ अंशांत वळवलेलं टोक कॉलमच्या गाभ्यात शिरलेलं असतं, वरचं कव्हर पडलं तरी ते धरून राहतं. टोकांना रिंगा जवळ-जवळ सांगतात तेही याचसाठी, कारण कॉलम तुटतो तो टोकाला. भूकंपात टिकणाऱ्या आरसीसीचं आयएस १३९२० हे मानक १९९३ साली आलं, २०१६ ला सुधारलं. ८ मिमीच्या रिंगेला हुकाचं टोक निदान ६५ मिमी हवं, असं त्यात आहे. २००२ च्या भूकंप नकाशात कोयनेचा भाग झोन चारमध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या पट्ट्यात आहे. रिंगांसाठी काम थांबवावं लागलं तर थांबवा.

नऊ इंची कॉलमचं मूळ विटेत आहे. भारतीय मानकातली मॉड्युलर वीट १९० मिमी लांब, ९० रुंद, ९० उंच. आपल्याकडच्या किती भट्ट्यांवर ती मिळते? वीट नऊ इंची, म्हणून भिंत नऊ इंची, म्हणून कॉलमही नऊ इंची, म्हणजे भिंतीत लपतो. सगळ्या राज्याचं माप असं ठरलं आणि त्यामागे गणित कुणी केलं नाही. २०१६ च्या मानकात कॉलमची बाजू ३०० मिमीपेक्षा कमी चालत नाही. तीन इंच पुढे येतात ते बाहेरच्या अंगाला, ओसरीकडे किंवा दाराच्या मागे घेता येतात का, हे डिझायनरला विचारा. माप कमी करू नका.

पाण्याबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी ज्या साइटवर होतो तिथे एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तकात, सिमेंट-वाळू-खडीचं प्रमाण १:२:४ लिहिलं जायचं, आणि मिक्सरपाशी पाण्याची रबरी नळी दिवसभर सुरू असायची. पुस्तकात सगळं नियमाप्रमाणे होतं. त्या नोंदींखाली माझ्याही सह्या आहेत आणि त्याची मला आजही लाज वाटते. पुढे त्याच कामाच्या एका भिंतीचं सेंट्रिंग (फळ्यांचा साचा) खोललं तेव्हा मधमाश्यांचं पोळं दिसावं तशी खडी उघडी होती. वरून गिलावा झाला. तेव्हापासून मी साइटवर गेलो की आधी बादल्या मोजतो.

एम-२० ला, म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिमीला २० न्यूटन ताकद हवी अशा काँक्रीटला, एका ५० किलोच्या गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही त्यातच धरायचं. म्हणजे दहा लिटरच्या तीन बादल्या, त्याही काठोकाठ नकोत. गँगला चौथी हवी असते, कारण पातळ माल आपोआप वाहतो, कमी ढकलावा लागतो, स्लॅब दिवस मावळायच्या आत संपतो. त्यांचा दिवस त्यावर अवलंबून आहे, हे समजून घ्या. त्यांना व्हायब्रेटर (माल हलवून घट्ट बसवणारं यंत्र) द्या, एकाऐवजी दोन द्या, माणसं वाढवा, पण चौथी बादली नको.

घमेल्याला माझी हरकत नाही, पण एक घमेलं शिगेला भरलेलं आणि दुसरं सपाट, हे चालणार नाही. सिमेंटची गोणी ३५ लिटर भरते. ४०० बाय ३५० बाय २५० मिमीची लाकडी पेटी सुताराकडून करून घ्या, नेमकी ३५ लिटरची होते. एका गोणीला वाळूची दीड पेटी, खडीच्या तीन. सकाळी मिस्त्रींसमोर एका पेटीत किती सपाट घमेली बसतात ते मोजा. मग दिवसभर घमेल्यानं चालू द्या.

औशाकडचा

"एकाला चीर दाखवा" हे वाचलं आणि लिहायला बसलो. किल्लारी आमच्या तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत आमच्याकडेही दाखवायला चीर नव्हती. दगड-मातीच्या दोन-अडीच हातांच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, पिढ्यान्पिढ्या असंच. जाड भिंत म्हणजे भक्कम घर, हे आमच्याकडे कुणी कधी तपासलं नव्हतं. माझी आत्या त्या भिंतीखाली गेली.

आणि सरकारी कागद तरी कुठे बरोबर होता? तेव्हाच्या नकाशात आमचा भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे देशात सगळ्यात कमी धोक्याचा. झोन बदलला तो २००२ च्या नकाशात. त्यामुळे कागदावर आहे म्हणून माना, असं मी कुणाला सांगणार नाही. उपअभियंता साहेबांनी जसं सांगितलं तसं, धक्का बसला की ही रिंग काय करते, हे विचारा. आमच्या आज्याला त्या भिंतीबद्दल हे विचारणारं कुणी भेटलं नाही.

अर्धा_बंगला, तुमच्यावर राग नाही. पण सहा वर्षं म्हणजे काहीच नाही हो.

तीन_सूत

मी स्वतः फिटर आहे. अठरा वर्षं झाली. कुणी आमची बाजू सांगत नाही म्हणून लिहितो.

आम्हाला १३५ येत नाही असं नाही. पुण्यातल्या मोठ्या साइटवर आम्हीच करतो. गावात का करत नाही? आमचा रेट किलोवर असतो. १६ मिमीची सळई कापून उभी केली की वजन पटकन भरतं. रिंग वजनाला हलकी आणि वेळ खाणारी. दिवसभर नुसत्या रिंगा वाकवल्या तर त्या दिवसाची हजेरी सुटत नाही. १३५ ची रिंग कॉलममध्ये चढवायलाही त्रास, हूक आत असल्यानं सळईत अडकते, वरून एक-एक उतरवावी लागते. काटकोनातली बाजूने फाकवून घालता येते. मालक ड्रॉइंग दाखवतो, पण रेट काटकोनाचाच देतो.

ताईच्या घराचा हिशोब मी करून बघितला. ३०० बाय ३०० चा कॉलम, ४० मिमी कव्हर, दहा फूट उंची, असे १२ कॉलम धरले. हूक लांब केल्यानं एका रिंगेमागे दोन इंच सळई जास्त लागते. ८ मिमीची सळई मीटरला ३९५ ग्रॅम. सगळ्या रिंगांचं मिळून सहा-सात किलो. टोकांना जवळ बांधायच्या तर एका कॉलमला चार रिंगा वाढतात, त्याचे अजून अठरा-वीस किलो. म्हणजे पूर्ण घराला तीस किलोच्या आत लोखंड, दोन हजार रुपयेही होत नाहीत. अडचण लोखंडाची नाहीच, आमच्या दिवसाची आहे. तेव्हा फिटरशी रिंगांचा रेट नगावर वेगळा ठरवा, आणि सळई कापायच्या आधी ठरवा. वाकवून ठेवलेल्या शंभर रिंगा परत करायला लावल्या तर कुणालाही राग येणार. त्या शंभरांचे पैसे द्या, संडास-बाथरूमच्या लिंटेलला, छज्जाला कुठे चालतील का ते डिझायनरला विचारा.

आणि मिस्त्रींना पुस्तक दाखवू नका. दोन रिंगा घ्या, एक काटकोनाची, एक १३५ ची. चार सळयांना तारेनं बांधा, काँक्रीट न घालता. मग पहार घालून एक सळई बाहेर ओढायला मिस्त्रींनाच सांगा.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन महिन्यांनी लिहितेय, काम चालू होतं म्हणून राहिलं.

तीन_सूत दादा, तुमचा प्रयोग केला. रविवारी सकाळी, मिस्त्री, फिटर, दोन पोरं आणि बाबा. काटकोनाची रिंग पहारीच्या दुसऱ्याच ओढीला उघडली. १३५ ची मिस्त्रींनी स्वतः जोर लावून ओढली, वाकडी झाली पण सुटली नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बाबांनी गोठ्यावर भिंत कशी पडली ते सांगितलं. मिस्त्री इतकी वर्षं शेजारच्या वाडीत राहतात, त्यांना ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कराडला होते, तर बाबांचा फोन: मिस्त्री पोरांना ओरडतायत की हूक आत घ्या म्हणून. रिंगांचा रेट नगावर ठरवला. तेव्हापासून फिटरने एकदाही कुरकुर केली नाही, आणि आधी मीच त्याला कामचुकार समजत होते याचं वाईट वाटतं.

कॉलम ३०० चेच ठेवले. डिझायनरनं बाहेरच्या बाजूचे कॉलम ओसरीकडे ढकलून दिले, स्वयंपाकघरातला एक मात्र आत आला आहे. त्याच्या बाजूच्या तीन इंचांत आईने डब्यांचं फडताळ करायचं ठरवलंय. कव्हर ब्लॉक मी स्वतः पोरांबरोबर बांधले.

स्लॅबच्या दिवशी मी पहाटेपासून मिक्सरपाशी होते, पेटीने घमेली मोजून घेतली, बादलीला आतून तेलरंगाची रेघ मारली होती. दुपारी दोनला जेवणाची पानं वाढायला म्हणून वीस मिनिटं खाली गेले. परत आले तर माल सेंट्रिंगच्या फटींतून दुधासारखा गळत होता. चौथी बादली सुरू झाली होती. थांबवलं, तोवर तीन मिक्सर वर गेले होते. त्यातल्या शेवटच्या मालाचे तीन क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) वेगळे भरून घेतले, सकाळचे तीन आधीच भरलेले होते.

अठ्ठावीस दिवसांचे निकाल काल मिळाले. सकाळचे सरासरी २३.४ न्यूटन, दुपारचे १६.२. वीस मिनिटांत एवढा फरक पडतो हे कागदावर बघेपर्यंत माझा विश्वास बसला नसता. काका, आता काय करू?

निवृत्त_उपअभियंता

घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. ते तीन मिक्सर स्लॅबच्या कुठल्या भागात पडले ते गँगला आणि बाबांना विचारून ड्रॉइंगवर रंगवून ठेवा, आठवण ताजी आहे तोवरच. निकाल आणि तो कागद डिझायनरला द्या. तो त्या भागाचं गणित १६ धरून पुन्हा करेल, गरज वाटली तर रिबाउंड हॅमरनं (काँक्रीट न फोडता ताकद अजमावणाऱ्या हातोड्यानं) तपासेल. तो सांगेपर्यंत त्या भागावर विटांचा ढीग लावू नका, खालचे टेकूही हलवू नका. पाण्याची टाकी कुठे येणार आहे?

कोयनाकाठ

जिन्याच्या डोक्यावर. आणि तो माल नेमका तिथेच पडलाय, बाबांना पक्कं आठवतं. आज डिझायनर येऊन गेले. टाकी मागच्या दोन कॉलमांवर घ्यायची ठरलं, जिन्याकडच्या स्लॅबचे टेकू अजून तसेच आहेत. मिस्त्रींनीच त्यांवर खडूनं लिहिलंय, काढू नये.